गाडीच्या आधी खानझोडेकाका

आमच्या वसाहतीत अँब्युलन्स येते, त्याच्या दोन मिनिटे आधी खानझोडेकाका फाटकात उभे असतात. सायरन ऐकू येण्यापूर्वी, आजाऱ्याच्या शेजाऱ्याला कळण्यापूर्वी. पायात सपाता आणि हातात उघडलेली बायकी लाल छत्री, लख्ख उन्हातसुद्धा. आता वाचकांनीच सांगावे, सरळमार्गी माणसाला ही बातमी आधी कशी कळावी?

मी बावीस वर्षे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिले. पत्नी सुनंदा नर्स असल्यामुळे तिच्या नोकरीपाठोपाठ अमेरिकेत पार्सिपनीस आलो, आणि येथेही मराठी मंडळींचे तक्रारअर्ज माझ्याच हातून जातात. शाळा नववीत सुटली. परंतु संशय घेण्याची विद्या कचेरीच्या पायरीवर पक्की झाली.

सबब चौकशीसाठी मी काकांकडे गेलो. काका मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनियर, घरी एकटेच. गॅलरीत काठीएवढा अँटेना. टेबलावर मुठीत मावणारे काळे यंत्र, ज्यास ते स्कॅनर म्हणतात, आणि आकड्यांनी भरलेली वही.

"या, अर्जीसाहेब! चहा मांडू का जी?"

"हे आकडे कशाचे?" मी सौम्यपणे, म्हणजे फौजदाराइतक्याच सौम्यपणे विचारले.

"गावच्या रेडिओचे. फायर, अँब्युलन्स, बर्फ काढणारे, सगळे त्याच पाच-सहा फ्रिक्वेन्सींवर आळीपाळीने बोलतात. प्रत्येक खात्याला एक नंबर. कोण कुठे बोलणार ते कंट्रोल चॅनल सांगतो. तो पकडायचा, नंबर भरायचे, की यंत्र आपणहून मागे धावते. कॉपी?"

'कॉपी?', म्हणजे रेडिओवाल्यांच्या भाषेत 'कळले?', हा त्यांचा पूर्णविराम. देशी किराणा दुकानातसुद्धा ते 'कोथिंबीर ताजी पाहिजे, कॉपी?' असे म्हणतात.

"पोलिसांचेही ऐकता?"

"त्यांनी कुलूप लावलंय बापा. नुसती घरघर येते. बाकीचं ऐकायला मनाई नाही."

मनाई नाही, असे न विचारता सांगणारी माणसे मी कचेरीत पुष्कळ पाहिली होती.

घरी येऊन मी वसाहतीच्या व्यवस्थापनास अर्ज लिहावयास घेतला: सदर अँटेना तत्काळ उतरवावा. मुद्दा एक, सदर इसम अपघाताची वाट पाहत असतो. मुद्दा दोन, वहीतील अमुक क्रमांक पोलिसांचा असावा. मुद्दा तीन, लाल छत्री ही खूण असून ती कोणास केली जाते याचा तपास व्हावा.

मसुदा मी मराठीत करतो, इंग्रजी सुनंदा करते. ती वाचून म्हणाली, "एकट्या म्हाताऱ्याचा विरंगुळा काढून घ्यायचा? मी नाही ट्रान्सलेट करणार."

"तू भोळी आहेस," असे म्हणून मी चौथा मुद्दा सुरू केला, आणि छातीत कळ आली.

सुनंदाने फोन केला. मी खिडकीशी आडवा झालो होतो. काही वेळाने खाली लाल छत्री दिसली. काका सपाता फटफटवत पुढे पळत होते आणि त्यांच्यामागून अँब्युलन्स येत होती. त्याही अवस्थेत माझ्या मनात आले, ही पाहा खूण!

झटका सौम्य निघाला. घरी परतलो त्याच दिवशी काका भेटावयास आले. टेबलावरचा मसुदा मी झाकण्यापूर्वीच त्यांनी उचलला, चष्मा लावला आणि शांतपणे वाचला.

"मुद्दा दोन चुकला जी. हा नंबर बर्फवाल्यांचा. दुरुस्त करा, कॉपी?"

पुन्हा एक कळ यावी, असे मला वाटले.

तिसऱ्या मुद्द्यावर ते थांबले. "हे बरोबर लिहिलं. खूणच आहे ती. छत्री तुमच्या काकूची." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "ती गेली त्या दिवशी गाडी वेळेत आली होती. पण नऊ नंबरच्या इमारतीमागे आपली चौदा नंबर लपलेली आहे, हे कोणाला ठाऊक? गाडी आतल्या आत फिरत राहिली. मी वर तिचा हात धरून बसलो होतो. खाली उभं राहायला कोणी नव्हतं."

या वाक्यापुढे 'कॉपी?' आले नाही.

मी तोच कागद उलटा केला आणि पाठीमागे नवा अर्ज लिहिला: चौदा नंबरच्या इमारतीकडे बाण दाखवणारी मोठी पाटी लावण्यात यावी. सुनंदाने बसल्याबैठकीस इंग्रजी केले. महिन्याभरात पाटी लागली.

"छान. दुरून दिसते," काका म्हणाले. मला वाटले, आता म्हाताऱ्याची सुटका झाली.

परवा दुपारी फिरावयास उतरलो, तर पाटीखाली लाल छत्री उघडलेली. सायरनचा अद्याप पत्ता नव्हता.

"काका, बाण लावला ना आता?"

"बाणाला पळता येत नाही जी," रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले.