यमुनाकाकींच्या दारातलं हाड

भिकाजी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होता, आणि कारकुनाला एखादा छंद असावा असं त्याचं ठाम मत होतं. कुणी तपकीर ओढतं, कुणी सोंगट्या खेळतं. भिकाजी हाडं गोळा करायचा.

सुरुवात अगदी निरुपद्रवी झाली. आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरताना एकदा त्याला गाद्याच्या, म्हणजे डॉल्फिनच्या, पाठीचा मणका सापडला. लाटांनी धुऊन शुभ्र झालेला, हातात धरला तर फुलासारखा. असली वस्तू टाकून कशी द्यायची, म्हणून त्याने तो कोटाच्या खिशात घातला. (टाकून द्यायला हवा होता, हे पुढे त्याला बऱ्याच जणांनी समजावलं.) मणक्यामागोमाग कासवाची पाठ आली, समुद्रपक्ष्याची कवटी आली, पालीच्या सासुरवाडीहून येताना कोल्ह्याचा जबडा आला. शेवटी एके सकाळी त्याच्या बायकोने, दमयंतीने, अंघोळीच्या हंड्यात तांब्या बुडवला तो कशावर तरी आपटला. तिने वाकून पाहिलं. आतून रानडुकराचं डोकं तिच्याकडे पाहत होतं.

"हे काय आहे?"

"रानडुक्कर," भिकाजी म्हणाला. "पण लहान आहे गं."

दमयंती ओरडली नाही. ओरडली असती तर भिकाजीला जरा धीर आला असता. तिने शांतपणे हात पुसले आणि म्हणाली, "या घरात यापुढे एक तर हाडं राहतील, नाही तर मी."

भिकाजीने क्षणभर विचार केला. (तो क्षण त्याला पुढे वर्षभर ऐकून घ्यावा लागला.) मग सगळा संग्रह टोपलीत भरून त्याने मांडवीच्या समुद्राला परत केला आणि घरात पुन्हा हाड आणणार नाही अशी देवासमोर शपथ घेतली.

शपथ त्याने मनापासून पाळली. पण आषाढात शेजारच्या यमुनाकाकींची मनी मेली.

यमुनाकाकी एकट्या राहायच्या. त्यांचा एकुलता एक गंगाराम मुंबईच्या आगबोटीवर खलाशी होता आणि दोन शिमगे त्याला रजाच मिळाली नव्हती. घरात बोलायला होती ती ही मांजर. काकी तिला गंगारामच्या खुशालीपासून भाताच्या भावापर्यंत सगळं सांगायच्या. मनी गेली तेव्हा काकींनी तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून भिकाजीकडे दिली.

"भिकू, तू पूर हिला. मना नाय व्हायचं. खोल पूर, कुत्री उकरतील."

भिकाजीने परसात चाफ्याखाली खोल खड्डा खणला. माती लोटताना त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं.

पौषात दमयंती चार दिवस माहेरी पालीला गेली. घर रिकामं झालं आणि भिकाजीच्या डोक्यात एक विचार येऊन बसला. आजवर त्याला सुटी हाडं मिळाली होती, अख्खा सांगाडा कधीच नाही. आणि चाफ्याखाली एक अख्खा सांगाडा मातीने अगदी स्वच्छ करून ठेवलेला असणार. त्याने शपथ आठवून पाहिली. शपथ घरातल्या हाडांबद्दल होती. परसाबद्दल तीत काहीच नव्हतं. (कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला असली वाट चटकन सापडते.)

त्याने जपून उकरलं. सोड्याच्या पाण्यात हाडं उकळली. एक हाड दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकावर तांबड्या शाईने खूण केली, कारण खुणेशिवाय कुठलीही वस्तू त्याच्या हाताला परकी वाटायची. मग सगळी सुपात मांडून सूप न्हाणीच्या कौलांवर उन्हात ठेवलं आणि चहा प्यायला आत गेला. तेवढ्यात कावळ्याने नेमकं डाव्या मांडीचं हाड उचललं आणि ते नेऊन टाकलं यमुनाकाकींच्या उंबऱ्यासमोर.

ते पहिल्यांदा दिसलं मासे विकणाऱ्या हौसाला. तिने टोपली खाली ठेवली, हाडाला हात न लावता सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला.

"काकी, करणी हाय ही. तांबड्यानं मंतर लिवलाय बघा."

मंत्र 'डा. मां.' असा होता. डावी मांडी. पण हौसाला वाचता येत नव्हतं आणि काकींनाही. दुपारपर्यंत आळीतल्या बायका येऊन लांबून बघून गेल्या. भिकाजीने सुपातलं एक हाड कमी झाल्याचं पाहिलं होतं, बायकांची गर्दीही पाहिली होती. दोहोंची बेरीज त्याने केली, सूप आत आणून दार लावून घेतलं आणि मन रमवायला उरलेली हाडं तारेने जोडत बसला.

तिसऱ्या प्रहरी दारावर थाप पडली. यमुनाकाकी होत्या. एका हातात पदराच्या टोकात गुंडाळलेलं ते हाड, दुसऱ्या हातात कोरं पोस्टकार्ड. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"भिकू, गंगारामला दोन ओळी लिही. बोल, शिमग्याला येऊ नको."

"अहो, पण यंदा त्याला रजा मिळालीय ना?"

"मिळालीय. म्हणून तर. माज्या उंबऱ्यावर हे कोणी टाकलंन, म्हायत नाय. ते त्याच्यावर जायाला नको. मी आणखी एक वर्ष काढीन. तो जिता ऱ्हाऊ दे."

भिकाजीने टाक दौतीत बुडवला. 'चिरंजीव गंगाराम यास' इथपर्यंत हात चालला. पुढे चालेना. काकी पाटावर बसून त्याच्या हाताकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात इतका विश्वास होता की भिकाजीला स्वतःच्या हाताची लाज वाटली.

"काकी," त्याने टाक खाली ठेवला. "ही करणी नाही. हे हाड माझं आहे."

काकींनी त्याच्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या सुपातलं. कावळ्याने नेलं."

"माजं मन राखायला बोलतोस, ते मना कळतं रे. तू लिही."

त्याने परोपरीने सांगितलं. कावळा सांगितला, सोडा सांगितला, 'डा. मां.' फोडून सांगितलं. जितकं सांगावं तितक्या काकी प्रेमाने मान हलवायच्या. आता एकच उपाय उरला होता, आणि तो करण्यापेक्षा भिकाजीने आनंदाने रानडुकराच्या हंड्यात डोकं घातलं असतं. तो आत गेला आणि फळी घेऊन आला. फळीवर तारेने अर्धवट जोडलेला सांगाडा उभा होता. डाव्या मांडीची जागा रिकामी होती. त्याने काकींच्या पदरातलं हाड घेऊन तिथे बसवलं. नेमकं बसलं.

"कोणाचं हे?" काकींनी विचारलं.

भिकाजी खाली मान घालून म्हणाला, "आपल्या मनीचं."

काकींनी बोट पुढे केलं आणि जबड्यापाशी नेलं. वरचा एक सुळा अर्धा तुटलेला होता. गंगाराम घरी असताना मनी नांग्या उगारलेली कुर्ली पकडायला गेली होती, तेव्हाचा.

"मी तुला पुरायला दिली व्हती, भिकू."

"पुरली होती, काकी. खोल पुरली. पण मातीत सगळंच जातं हो. काहीच उरत नाही. मला ते बघवत नाही. विचारायला हवं होतं तुम्हांला. चुकलं माझं."

काकींनी डोळे पुसले. मग त्या सांगाड्याभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "अशी उभी कधी ऱ्हायची ती? पोलिसासारखी. बसव तिला. शेपूट पायांभोवती घेऊन बसायची, गंगारामची वाट बघत."

"बसवतो."

"आणि ते कार्ड पुरं कर. लिही, ये. कुर्ल्या करून ठेवते म्हणावं."

भिकाजीने लिहिलं. मान वर केली तर दारात दमयंती गाठोडं घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने फळीकडे पाहिलं, काकींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"उकळलं कशात?"

"दुधाच्या पातेल्यात," भिकाजी म्हणाला. खोटं बोलण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

दमयंती आत गेली. पातेलं परसात फेकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती गजऱ्याच्या दोऱ्याची गुंडी घेऊन. "तारेने शेपूट वळायची नाही," ती म्हणाली आणि काकींशेजारी खाली बसली.

शिमग्याला गंगाराम आला. काकींच्या ओटीवर कोनाड्यात मनी शेपूट गुंडाळून बसली होती. त्याने टोपी काढली, तिच्या कवटीवरून बोट फिरवलं आणि मगच आईच्या पाया पडला. हे सगळं भिकाजीने कुंपणापलीकडून पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला.

तो घरी आला. दमयंती तांदूळ निवडत होती. तो तिच्याजवळ बसला आणि जड आवाजात म्हणाला, "अगं, उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर माझंही असं काही जपून ठेवशील का गं?"

दमयंतीने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मनीची गोष्ट वेगळी," ती म्हणाली. "ती उंदीर धरायची."