गुंडाच्या पाठीवरचा कागद

मिसरूड फुटल्यापासून प्रभुलिंग वरातीत ट्राँबोन वाजवत आला होता, तोही निव्वळ ऐकून, मनाची भर घालत. कागदावरचे सूर त्याला दिसायचे, कळायचे मात्र नाहीत. तरी चंद्रिका मॅडमनी सोलापुरात जॅझचा बँड काढताना विचारलं, "नोटेशन वाचता येतं ना?" तेव्हा शुक्रवार पेठेतल्या या कलावंताच्या तोंडून "व्हय की" निघून गेलं. फुंकायची सवय लागलेल्या माणसाचं असंच होतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

मॅडमच्या बँडमध्ये खुर्चीवर बसून वाजवायचं होतं. मागे घोडा नाही, नाचणारे मेहुणे नाहीत, आणि लोक म्हणे गप्प बसून ऐकणार. त्या खुर्चीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला. रविवारी परीक्षा होती: कधी न पाहिलेला कागद समोर येणार आणि तो तिथल्या तिथे वाजवायचा. बायकोनं, शिवलीलानं, खुर्ची मिळाल्याचं पेठभर सांगूनही टाकलं होतं.

मॅडमनी सरावाला कागद दिले. रोज नवा घ्या, चुकलं तरी थांबू नका, नजर वाजवताय त्या सुराच्या पुढे ठेवा, असं बजावलं. नोटेशनची अक्षरओळख त्यानं मोबाइलवर उरकली. पण खुर्चीवर बसलं की ताल सुटायचा. जन्मभर चालत वाजवलेलं. पाय थांबले की डोकंही थांबायचं.

"अवो, मग चालतच वाचा की," शिवलीला म्हणाली. "गुंडाला म्होरं घ्या. त्याच्या पाठीला लावा कागद."

ढोलवाल्या गुंडाची पाठ चांगली ऐसपैस. पुढच्याच वरातीत प्रभुलिंगनं तिच्यावर कागद टाचला आणि वाचत निघाला. बँड एक वाजवत होता, हा दुसरंच. कुणालाच फरक कळला नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं.

गुंडाला वाटेत चहा लागायचा. तो टपरीकडे वळला, मागोमाग कागदात बुडालेला प्रभुलिंग वळला. ट्राँबोनच्या मागे जायचं ही बँडची रीत, म्हणून बँड वळला. बँडमागे घोडा. नवरदेवाचा फेटा टपरीच्या पत्र्यात अडकला, तेव्हा कुठं त्याचे मामा ओरडत आले, "लगीन हितंच लावायचंय व्हय?"

प्रभुलिंग ओशाळला, पण मनात खूश होता. चुकलं तरी तो थांबला नव्हता.

रविवारी तो खुर्चीत बसून पाय हलवत वाचू लागला आणि एकही सूर चुकला नाही. मध्ये एका जागी सूर नव्हते, नुसत्या तिरप्या रेघा होत्या. त्यानं ट्राँबोन मांडीवर घेतला. मॅडमच्या बँडमधले बाकीचे वाजवत राहिले, त्याच्याकडे बघत राहिले. रेघा संपताच त्यानं बरोबर सूर उचलला.

"रेघांपाशी गप्प का बसलात?" मॅडमनी विचारलं.

"तितं काय लिहिलेलंच न्हवतं, मॅडम. आपुन आगाऊपणा न्हाय केला."

"तिथं मनानं वाजवायचं असतं, प्रभुलिंग. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं होतं."

जन्मभर जे केलं, तेच नेमकं परीक्षेत राहिलं. मॅडमना हसू आवरेना. खुर्ची तुमचीच, म्हणाल्या, पण आठवडाभर कागदाला हात लावायचा नाही.

पुढच्या वरातीत गुंडानं मागे वळून पाहिलं. "आज कागद कुटाय?"

"आज मनानं वाजवायचं हाय. तू चाल."

प्रभुलिंगनं डोळे मिटले आणि मनापासून वाजवू लागला. लोक नाचायचे थांबून ऐकू लागले. सुखावून त्यानं डोळे उघडले, तर समोर टपरी होती, आणि मागे नवरदेव दोन्ही हातांनी फेटा धरून बसला होता.