नारायणरावांचं मनगट

मुंबईत तीन वर्षं हाडं आणि स्नायूंच्या अभ्यासात डोकं फोडून मल्लिकार्जुन एकसष्ट साली भूमकडच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झाला, आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या पदरात खाकी कापड आणि करडीच्या तेलाची बाटली पडली. नेमणुकीच्या हुकमावर 'फिजिओथेरपिस्ट' असं स्वच्छ लिहिलं होतं हो! पण हेडक्लार्क नारायणरावांच्या रजिस्टरात तसली जागाच नव्हती. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात त्याला पाणक्याच्या खाली 'मालिशवाला' म्हणून बसवून टाकलं. पगारही पाणक्याइतकाच. दोन वर्षं अर्ज करून गडी टेकीला आला.

मग एके दिवशी नारायणराव सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडून रजेवर गेले. त्यांच्या जागी परंड्याहून बलभीम कारकून आला. त्यानं हुकूम वाचला आणि वाचलं तेच रजिस्टरात लिहिलं. त्या महिन्यात मल्लिकार्जुनाला जवळजवळ दुप्पट पगार मिळाला. बायकोनं, महादेवीनं, नोटा देवापुढं ठेवल्या.

आणि नशीब बघा. प्लास्टर काढलं तर नारायणरावांचं मनगट लाकडासारखं ताठ. डॉक्टर म्हणाले, आता पुढचं काम मल्लिकार्जुनाचं.

महादेवीनं भाकरी थापता थापता बजावलं, "हात बरा करा, पर लई घाई नगं. दिवाळीपर्यंत चालतंय की."

मल्लिकार्जुनानं एक दिवस खरंच अंगचोरपणा करून पाहिला. पण ताठलेलं मनगट समोर आलं की त्याला राहवेना. रोज गरम पाणी, रोज कापडी चेंडू दाबणं, रोज बोटं मोजून वाकवणं. नारायणराव मात्र रोज विचारायचे, आज तेल आणलं नाही का रे? हा दात-ओठ खाऊन त्यांचं मनगट फिरवायचा.

दीड महिन्यात हात ठणठणीत झाला. कामावर येताच नारायणरावांनी रजिस्टर उघडलं, बलभीमची नोंद लाल शाईनं खोडली आणि पूर्वीपेक्षा सुरेख अक्षरात 'मालिशवाला' लिहिलं. जादा पगार परत भरायचा, हेही खाली लिहिलं. मल्लिकार्जुनानं कपाळावर हात मारून घेतला.

"देवापुढचे पैसे आता तुम्हीच उचला," महादेवी म्हणाली.

पंधरवड्यानं नारायणराव स्वतः त्याच्या खोलीत आले. हातात कागद होता. प्लास्टर निघाल्यानंतरची दीड महिन्याची रजा वरच्या कचेरीनं अडवली होती. उपचार केल्याचा फिजिओथेरपिस्टचा दाखला जोडा, मगच मंजुरी.

"मल्लिकार्जुनराव, एवढी सही देता का?"

'राव' ऐकून मल्लिकार्जुन क्षणभर गांगरलाच. मग त्यानं सावकाश हात पुसले.

"देतो की. पण मालिशवाल्याचा दाखला वर चालंल का, साहेब?"

नारायणरावांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. मग आपल्या टेबलाकडं गेले, रजिस्टर ओढलं, लाल शाईची दौत उघडली. थोड्या वेळानं मनगट चोळत परत आले.

"काय लांबलचक हुद्दा आहे हो तुमचा. लिहिता लिहिता कळ आली. जरा बघता का?"

मल्लिकार्जुनानं आधी रजिस्टर मागवलं. अक्षर झकास आलं होतं. मग त्यानं मनगट हातात घेतलं.