रोमक नाण्यावरील नवरदेव

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून आणि आपले अज्ञान पदरी बांधून विनंती ऐसी जे, शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एके राज्यात विहीर खोदिता पुरातन रोमक देशीचे रुप्याचे नाणे सापडले. मग महाराजांनी दरबारचे पंडित धुंडिराजशास्त्री यांस बोलाविले आणि आज्ञा केली, "यावरील चित्रांचा अर्थ सांगावा." आणि हळूच कानी घातले की, शेजारचे रावसाहेब, वय साठ, तीन बायका स्मशानी पोहोचवून चौथी म्हणोन आमची लेक गुणवंताबाई मागतात, तोफा देतो म्हणतात, तरी शकुन अनुकूल निघावा, शाल मिळेल. शास्त्रीबोवांस रोमक लिपीचे एक अक्षर ठाऊक नव्हते, परंतु शालीची ऊब ठाऊक होती. आणि या गुणवंताबाईसाहेबांस धुळपाटीवर अक्षरे त्यांनीच गिरवून दिली होती. तरी जीभ चाललीच. "महाराज, एके अंगी पुरुषाचे मुख, कपाळी मुंडावळ्या, मागे गाठ, हा नवरदेव. दुसरे अंगी वधू उभी, एके हाती फळांनी भरले शिंग, ती ओटी. दुसरे हाती तराजू, म्हणजे सासरी सर्वांस सारखे वाढील. लग्न ईश्वरनेमस्त आहे." आणि दरबार डोलला आणि मुहूर्ताची बोली निघाली.

मग पडद्याआडून बाईसाहेबांनी नाणे मागविले, उलटून पालटून पाहिले आणि बोलिल्या, "शास्त्रीबोवा, पान उलटल्यावाचून अर्थ सांगू नये, हे तुम्हीच शिकविले. नवरा एके अंगी, नवरी दुसरे अंगी. पाठीस पाठ, जन्मात एकमेकांचे तोंड दिसावयाचे नाही. हे लग्न की काडीमोड?" तेव्हां महाराजांनी शास्त्रीबोवांकडे रोखून पाहिले. शास्त्रीबोवांनी शालीवर पाणी सोडिले आणि म्हणाले, "बाईसाहेबांचा अर्थ खरा. मी एकच बाजू वाचिली." दरबार हसला, मग महाराजही हसले, आणि शकुन विपरीत म्हणोन रावसाहेबांस नकार गेला. आणि दरबारात इतकी फजिती होऊनही शास्त्रीबोवा घरी येऊन पोटभर जेवले.

पुढे वर्षाने एक फिरंगी वैद्य आला, तो नाणे पाहून म्हणाला, "हा नवरदेव नव्हे, राजा. डोईस विजयाची पाने. आणि ही बाई चोख मापाची देवी." म्हणजे मुंडावळ्या खोट्या, ओटी खोटी, पंडिताई खोटी, बाईसाहेबांस माप तेवढे चोख मिळाले.

ऐसी नाण्याची हकीकत. शास्त्रीबोवा पुढे कोठे गेले, पुसो नये. थंडीचे दिवस, अंगावर शाल नाही, बोटे गारठली; अक्षर वाकडे आले, क्षमा असावी.