गुंजीचे दहा चिंचोके

एका जंगलात, म्हणजे तुमच्या घरापासून फार लांब असलेल्या आणि तुमच्या घराशी काडीचाही संबंध नसलेल्या जंगलात, मधुमती नावाची एक अस्वलीण राहत होती. तिला एक मुलगी होती. तिचं नाव गुंजी.

मुलांनो, त्या जंगलात नोटा नव्हत्या. चिंचोके चालायचे. पाहुणा निघाला की घरातल्या पिल्लाच्या पंजावर दोन-चार चिंचोके ठेवायचा आणि म्हणायचा, "खाऊ घे हं." आई म्हणायची, "अहो, कशाला, कशाला!" आणि पाहुणा वळणावर दिसेनासा झाला की पिल्लाला म्हणायची, "दे इकडे, हरवशील. मी जपून ठेवते."

गुंजीचे बारशापासूनचे सगळे चिंचोके असेच एका ढोलीत जपून ठेवलेले होते. ते ढोलीत जाताना गुंजीने पुष्कळदा पाहिलं होतं. बाहेर येताना एकदाही नाही.

तर एकदा गुंजीचा मामा आला. त्या वर्षी मोहाला बहर चांगला आला होता आणि मामा खुशीत होता. निघताना त्याने भाचीच्या पंजावर एकदम दहा चिंचोके ठेवले.

"कशाला रे दादा, कशाला!" मधुमती म्हणाली.

दादा वळणावर दिसेनासा झाला. गुंजीने सवयीने पंजा पुढे केला. पण मधुमतीने चिंचोके घेतलेच नाहीत. कारण आदल्याच आठवड्यात ती मोरसरांच्या शिबिराला जाऊन आली होती.

मोरसर पालकांना पालकत्व शिकवायचे. त्यांची स्वतःची पिल्लं लांडोर एकटीच वाढवत होती, त्यामुळे सरांना या विषयावर विचार करायला भरपूर वेळ मिळायचा. पिसारा फुलवून ते म्हणाले होते, "मुलांचा पैसा मुलांनाच खर्च करू द्या! त्यांना 'नाही' म्हणू नका. फक्त प्रश्न विचारा!" सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. सशाच्या आईला तर रडूच फुटलं. तिला बावीस मुलं होती.

"गुंजे, हे तुझे पैसे," मधुमती म्हणाली. "काय करायचं ते तूच ठरव. मी मध्ये पडणार नाही."

हे ती शेजारच्या साळिंदरबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

गुंजीला आधी खरंच वाटेना. मग ती विचाराला लागली. तीन दिवस तिने विचार केला. झोपतानासुद्धा चिंचोके मुठीत. चौथ्या दिवशी सकाळी ती उड्या मारत आली.

"आई, ठरलं! हत्तीकाकांचे झोके!"

हत्तीकाका ओढ्याकाठी सोंडेचा झोका करायचे. एका चिंचोक्याला एक झोका. गुंजीने तो आजवर लांबूनच पाहिला होता.

"अरे वा," मधुमती म्हणाली. "किती झोके?"

"दहा! एकामागून एक. मध्ये उतरायचंच नाही."

दहाच्या दहा! एका सकाळीत! पण 'नाही' तर म्हणायचं नव्हतं. मग तिने प्रश्न विचारला.

"आणि उतरल्यावर हातात काय राहणार?"

गुंजीने जरा विचार केला. "हातात काही नाही. पोटात गुदगुल्या राहतील."

"त्या किती दिवस टिकतात?"

"संध्याकाळपर्यंत तरी."

"बरं बाई. निर्णय तुझाच आहे," मधुमती म्हणाली आणि तिने असा उसासा टाकला की समोरच्या झाडाची दोन पानं गळाली.

जेवताना बाबा अस्वल म्हणाले, "निर्णय तुझाच आहे, पण मी तुझ्याएवढा होतो ना..." आणि पुढे जेवण संपेपर्यंत ते तिच्याएवढेच होते. हात धुवायला उठले तेव्हा कुठे मोठे झाले. साळिंदरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "निर्णय पोरीचाच आहे हो. आमच्या काटूने मात्र मागच्या वेळी कंदमुळांत पैसे गुंतवले."

दुसऱ्या दिवशी गुंजीच्या बेतात दहाचे आठ झोके झाले. संध्याकाळी पाच झाले. त्याच्या पुढच्या दिवशी गुंजी म्हणाली, "बरं, एक तरी घेऊ?"

"घे की! मी कुठे नको म्हणतेय? फक्त सांग, एका झोक्यासाठी एवढ्या लांब ओढ्यापर्यंत तंगडतोड करायची का?"

गुंजी बारीक आवाजात म्हणाली, "मग काय घेऊ?"

"ते मी कसं सांगणार? ठरवायचं तुला आहे," असं म्हणून मधुमती तिला हाताला धरून मोरसरांच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानात बचतीचे डबे होते. पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, वर सरांचं पिसारा फुलवलेलं चित्र. किंमत बरोब्बर दहा चिंचोके. गुंजीने मूठ उघडली. दहाच्या दहा गेले आणि डबा आला.

"शहाणी गं माझी बाय ती!" मधुमतीला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

घरी येऊन गुंजीने डबा उघडून आत पाहिलं. "आई, यात काय ठेवायचं?"

"पैसे."

"कुठले?"

"येतील गं. मामा येईल ना पुढच्या वर्षी," मधुमती म्हणाली आणि कामाला लागली.

पुढच्या शिबिरात मोरसरांनी गुंजीला डब्यासकट व्यासपीठावर उभं केलं. "स्वतःच्या पैशाचा निर्णय स्वतः घेणारं हे पिल्लू पाहा! सांग बाळ, डबाच घ्यायचा असं तू कसं ठरवलंस?"

गुंजीने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"आई, मी कसं ठरवलं गं?"

सगळे कौतुकाने हसले. किती लाजाळू पोर! त्या दिवशी सरांचे चाळीस डबे खपले. बावीस तर एकट्या सशीणबाईंनी नेले. मधुमतीही हसली, पण घरच्या वाटेला लागल्यावरही लेकीचा तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

वाट ओढ्यावरूनच जात होती. हत्तीकाका मोकळेच उभे होते, रांगही नव्हती. मधुमती थांबली. तिने कनवटीचे दोन चिंचोके काढले. अस्वलांना कनवट कुठे असते, असं विचारू नका. गोष्टीत असते.

"गुंजे, हे घे. जा, घे दोन झोके. मी आहे इथे उभी."

गुंजीने सोंडेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "आणि उतरल्यावर हातात काय राहणार?"

दोन्ही चिंचोके तिने डब्यात टाकले. टण्ण, टण्ण. झाकण दाबून लावलं.

मधुमतीला एकदम भरून आलं. "अगं, हातात कशाला काय राहायला हवं? जा ना गं," ती म्हणाली. हे तिने साळिंदरबाईंना ऐकू जाईल असं नाही, अगदी हळू म्हटलं.

"तुला हवा तर तू घे झोका," गुंजी म्हणाली. "निर्णय तुझाच आहे."

मधुमतीने झोक्याकडे पाहिलं. लहानपणी हत्तीकाकांचे वडील झोका द्यायचे, तेव्हा तिनेही तो लांबूनच पाहिला होता. तिचेही चिंचोके कुठल्याशा ढोलीत जपून ठेवलेले होते.

मग अंधार पडायच्या आत दोघी घरी गेल्या.

तात्पर्य: मुलं आपलं मुळीच ऐकत नाहीत, अशी ज्या आईबापांची तक्रार आहे, त्यांनी पेढे वाटावेत.