परवाना लागत नसल्याचा दाखला

ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही, तिची परवानगी मिळवणं सर्वांत अवघड असतं. चौक गावाजवळच्या एका ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं लिपिक असलेल्या नरेशला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आजवर त्याने ४,२१७ ना हरकत दाखले लिहिले होते. (त्यांतल्या एकाही बाबतीत कुणाची हरकत नव्हती.) स्वतःच्या लग्नपत्रिकांवरही त्याने जावक क्रमांक टाकले होते, आणि बायको अजून त्यावरून त्याला ऐकवते.

अशा माणसाच्या टेबलावर बातमी येऊन पडली, की सरकारने हवेतल्या आणखी काही लहरी बिनतारी इंटरनेटसाठी मोकळ्या केल्या आहेत. परवाना नको, अर्ज नको, कुणाला विचारणंसुद्धा नको. पाठोपाठ एका संस्थेने अशा नेटच्या यंत्राचा एक डबा पंचायतीच्या गच्चीवर आणि दुसरा वर डोंगरातल्या वाडीत बसवला. वाडीत मोबाइलची रेंज कधी पोचलीच नव्हती. आता खालचं यंत्र चालू केलं की तिथे नेट येणार होतं. त्याचं बटण नरेशच्या खुर्चीमागे होतं.

"कधी लावताय, भाऊसाहेब?" सुंदराने विचारलं. ती वाडीतली, पंचायतीत झाडलोट करायची. तिच्या मुलीला, तेजश्रीला, नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार होती.

"अगं, परवाना लागत नाही असा कागद तर येऊ दे."

"लागत नाय ना? मंग इचारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही. पण तसं लेखी हवं."

नरेशने बटणावर दप्तराचं लाल फडकं बांधलं (धूळ आणि अनवधानाने होणारी प्रगती टाळण्यासाठी) आणि तालुक्याला पत्र धाडलं: 'परवाना लागत नसल्याचा दाखला मिळणेबाबत.' मग स्मरणपत्र एक. मग स्मरणपत्र दोन. मनातून त्याला तेजश्रीची फार काळजी लागली होती. चार वेळा हात फडक्यापर्यंत गेला. चारही वेळा डोळ्यांपुढे खातेनिहाय चौकशी उभी राहिली आणि हात कान खाजवून परत आला.

उत्तर आलं ते त्या शुक्रवारीच, दुपारी. 'सदर बाबीस परवानाच नसल्याने तो लागत नसल्याचा दाखला देण्याची तरतूद नाही. अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहावे.'

मग नरेशने एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. स्वतःच स्वतःला अर्ज लिहिला, आवक केला, छाननीत दोन त्रुटी काढल्या, त्या दूर केल्या, मंजुरीचा शिक्का मारला आणि फडकं सोडलं.

आत बटणाचा हिरवा दिवा लागलेलाच होता.

"नऊ दिस झालं," दारात केरसुणी टेकवत सुंदरा म्हणाली. "झाडताना दाबलं. फॉर्म कवाच गेला."

"कोणाला विचारून?"

"तुमीच म्हणालात, कोणालाच नाय."

नरेशला आधी बरं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली, मग सवयीने राग आला. शेवटी त्याने आपल्या मंजूर अर्जावर नऊ दिवस आधीची तारीख टाकली, म्हणजे दप्तर नीट झालं.

आता नरेशला हसणं सोपं आहे. पण सुंदराने बटण दाबल्याचं वाचलं तेव्हा, बाईने निदान तोंडी तरी विचारायला हवं होतं, असं क्षणभर तुम्हालाही वाटलं असेल. वाटलं नसल्यास तसं लेखी कळवावं. दोन प्रतींत.