दाजी परबाचं रक्ताचं माणूस

आमचा शेजारी दाजी परब हल्ली कोणी काही दिलं की ‘ताक’ म्हणतो. भाजीवाल्याने सुटे दिले, ताक. वॉचमनने गेट उघडलं, ताक. कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची पिशवी घेताना ताक म्हणाला, तर डेअरीवाल्याने ताकाची पिशवी आणून ठेवली. दाजी खूश होऊन पुन्हा म्हणाला, ताक. त्याने दुसरी आणली.

नॉर्वेत आभार मानताना तसं म्हणतात म्हणे. दाजीची एकुलती एक मुलगी मनीषा तिकडे असते. दाजीची बायको वारली, मग तो बाथरूममध्ये घसरून पडला, तेव्हा मनीषाने हट्टच धरला, बाबा, आता कायमचे इकडे या. दाजी लगेच तयार. भर एप्रिलात बोरीवलीत स्वेटर घालून फिरायला लागला. “आंगाक सवय होवक व्हयी,” म्हणायचा. पाठभर घामोळं उठलं, तर म्हणे थंडी बाधली. मी शाळा चौथीत सोडली, पण घामोळं कशाने येतं ते मला कळतं.

त्याचं एक जुनं पालुपद आहे. मागे त्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या रक्ताची एक बाटली त्याला चढवली होती. तेव्हापासून त्याचं काही चुकलं की दोष माझा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीवर ओरडला आणि वर म्हणाला, “मी नाय बोललो, म्हादूचं रक्त बोललं.” पत्त्यात हरला की, “तुझंच रक्त रे, पानं कुठून लक्षात राहणार?” मी गरम डोक्याचा आहे, हे खरं. पण माझ्या रक्ताने कोणी पत्त्यात हरत नाही.

तर नॉर्वेवाल्यांचा नियम असा, की इथे घरचं कोणी उरलं नसेल अशाच म्हाताऱ्याला ते मुलीकडे कायमचं राहू देतात. मनीषाने फोनवर बजावलं होतं, “बाबा, इथे कोण आहे विचारतील. कोणी नाही म्हणायचं.” त्यात खोटं काही नव्हतं. ना भाऊ, ना बहीण, ना दुसरं मूल. मुलाखत वांद्र्याच्या पुढे एका काचेच्या बिल्डिंगमध्ये होती. मी त्याला घेऊन गेलो आणि बाहेर बाकावर बसलो.

आतली बाई मराठी निघाली, तिथेच वाट लागली. इंग्रजीत विचारती तर हा गप्प बसला असता. तिने विचारलं, “आजोबा, तुमचं रक्ताचं इथे कोणी आहे?”

“आहे ना. तो काय, बाहेर बसलाय.” आणि काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं.

कागदावर कोणी नाही, तोंडाने आहे. दोन्ही जुळेनात, म्हणून पुन्हा बोलावलं. मनीषा फोनवर रडली. मला म्हणाली, “म्हादूकाका, सांगा ना त्यांना. परत पडले तर बघणार कोण?” बघणार मीच होतो. पण तिला तसं बोललो नाही. मी स्वतः काठी घेऊन चालतो.

मग मी त्याची तयारी करून घ्यायला बसलो. मी साहेब झालो.

“परब, इथे तुमचं कोण आहे?”

“तू.”

“अरे गाढवा, मी साहेब आहे.”

“मग साहेब, म्हादू आहे.”

“ते जन्माचं नातं विचारतात रे!”

“आणि बाटली? ती काय सरबताची होती?”

“दाजी, मी तुझा कोणी लागत नाही. समजलं?” मी जोरात ओरडलो.

तो उठला. मग चप्पल घातली आणि घरी गेला. पुढे काही दिवस पत्ते खेळायला आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही. मी का जाऊ?

बोलावलेल्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा. बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसला. तो आत गेला तसा मी बाकावर बसलो नाही. रस्ता ओलांडून पलीकडे बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बोट दाखवायला मी तिथे नको होतो.

बाहेर आल्यावर तो इकडेतिकडे शोधत राहिला. मी हात केला, तेव्हा आला.

“काय विचारलं?”

“तेच.”

“मग?”

“कोण नाय म्हटलं.”

“झकास. आता सुटलास तू.”

“बाई म्हणाली, आजोबा, मग आज सोबत कोण आलंय?” दाजीने चष्मा काढून शर्टाला पुसला. “म्हटलं, एकटाच आलोय.”

“बरं केलंस,” मी म्हणालो.

बस येईना. दाजीने माझा दंड धरला. समोर ती काचेची बिल्डिंग होती, वरून कोणालाही दिसलं असतं. मी म्हटलं, “सोड, बघतील.” त्याने सोडला नाही.